‘रक्त घट्ट झालंय’ म्हणजे नेमकं काय?

विळीवर कांदा चिरताना बोट कापलं, तर पाच-दहा मिनिटांत रक्त आपोआप थांबतं. यकृतात तयार होणारं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात विरघळलेलं असतं. जखम झाली की त्याचे चिवट धागे बनतात, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होऊन जखमेचं तोंड बंद होतं.

हीच गुठळी हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली की हार्ट अटॅक येतो. वर्षानुवर्षं त्या वाहिनीत चरबीचा थर साचतो. एके दिवशी थराला तडा जातो, शरीराला वाटतं जखम झाली, आणि ते धागे विणायला लागतं. तीन-चार मिलिमीटरची नळी ती, बुजायला कितीसा वेळ लागणार! मेंदूत असंच झालं तर लकवा मारतो.

लंडनच्या नॉर्थविक पार्क इथल्या संशोधकांनी सुमारे दीड हजार पुरुषांचं रक्त तपासून पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९८६ साली निष्कर्ष छापून आला: ज्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन जास्त, त्यांच्यात हृदयविकारही जास्त. ते वाढतं वयाने, लठ्ठपणाने, मधुमेहाने आणि विडी-सिगारेटच्या धुराने. वयाला इलाज नाही, विडीला आहे. ती सोडली की फायब्रिनोजेन उतरू लागतं.

लॅबवाल्याने पॅकेजमध्ये ही तपासणी गळ्यात मारली तर घेऊ नका. आकडा कळून सहसा उपचार बदलत नाही. बीपी आणि साखर मात्र सरकारी दवाखान्यात नियमित तपासा.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. माला-एन, माला-डी या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याचा कल थोडा वाढतो. बहुतेक तरुणींना त्याचा त्रास होत नाही. पण वय ३५ च्या पुढे असून विडी ओढत असाल, किंवा बीपी असेल, तर आरोग्यसेविकेला सांगून दुसरं साधन घ्या.

आता ‘रक्त पातळ करायची गोळी’. अ‍ॅस्पिरिन खरं तर रक्त पातळ करत नाही, प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही. धडधाकट माणसाने ती मनाने सुरू करू नये, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. उलट स्टेंट बसवलेल्याने ती मनाने बंद करू नये. बरं वाटतंय म्हणून, नाहीतर पैसे संपले म्हणून गोळ्या सोडणारे मी वस्तीवस्तीत पाहते. स्टेंटच्या धातूवरही गुठळी धरते, आणि ती जीव घेते. पैशांची अडचण डॉक्टरांना तोंडाने सांगा, लाजू नका. स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळतात.

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम सुटला, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पीत रात्र काढू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी नुसताच दम लागतो. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही.