कारागृहातील ‘गोदो’

१९ नोव्हेंबर १९५७ रोजी सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर किनाऱ्यावरील सॅन क्वेंटिन कारागृहाच्या भोजनगृहात, सुमारे चौदाशे कैद्यांपुढे सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ सादर करण्यासाठी ‘ॲक्टर्स वर्कशॉप’चे नट उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मनात उत्साहापेक्षा धास्तीच अधिक होती. १९१३ साली सारा बर्नहार्ट या तुरुंगात अभिनय करून गेली, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांत तेथे बाहेरच्या नटांनी नाटक केले नव्हते. शिवाय हे नाटक असे, की १९५३ च्या जानेवारीत पॅरिसला पहिला प्रयोग झाल्यापासून विद्वानांत त्याच्या अर्थाविषयी एकमत नव्हते, आणि १९५६ साली मायामीत, हास्यरसाची मेजवानी अशी जाहिरात वाचून आलेले सुखवस्तू प्रेक्षक मध्यंतरातच मोठ्या संख्येने उठून गेले होते.

मग तुरुंगाधिकाऱ्यांनी याच नाटकाला मंजुरी का दिली? नाटकात एकही स्त्रीपात्र नाही, हे त्याचे मुख्य कारण. संहितेची निवड आशयावरून न होता पात्रांच्या यादीवरून झाली. आणि सरकारी दफ्तरातील त्या सावधगिरीमुळे विसाव्या शतकातील एक अत्यंत दुर्बोध समजली गेलेली कलाकृती, तिच्यासाठीच घडवावा तशा प्रेक्षकवर्गापुढे जाऊन पोहोचली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ यांनी प्रयोगापूर्वी पुढे येऊन, हे नाटक जॅझ संगीतासारखे ऐकावे, ज्याला त्यात जे सापडेल ते त्याने घ्यावे, एवढेच सांगितले. काही धिप्पाड मंडळी पोरी नाचतील, थट्टामस्करी होईल, या आशेने आली होती. तसे काही नाही हे ध्यानात येताच दिवे मंद झाल्यावर निसटायचे त्यांनी ठरवले, परंतु जरा ऐकू लागली ती शेवटपर्यंत जागची हलली नाहीत. ओसाड रस्त्यावर, एका झाडाखाली, न येणाऱ्या माणसाची वाट पाहत दोघे जण वेळ काढतात, आणि उद्या नक्की येतो असा त्याचा निरोप रोज येतो, हे ज्यांचे आयुष्य हजेरी, झडती आणि पॅरोलच्या अर्जावरील निकाल यांत चालले होते त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. गोदो म्हणजे समाज, असे एका कैद्याने बातमीदाराला सांगितले. दुसऱ्याने, गोदो म्हणजे बाहेरचे जग, असे म्हटले. कैद्यांच्या स्वतःच्या वृत्तपत्राने तर, हे नाटक कोणावर बोध लादत नाही, आपापला अर्थ काढण्याची आणि चुकण्याचीही मोकळीक देते, असा निर्वाळा दिला. ज्यांना उठल्याबसल्या उपदेश ऐकावा लागतो त्यांना ही मोकळीक किती मोलाची वाटली असेल!

त्या रात्री भोजनगृहात नसलेल्या एका कैद्याविषयी अधिक लिहिले पाहिजे. रिक क्लूची हा सशस्त्र दरोडा व अपहरण या गुन्ह्यांबद्दल पॅरोलची तरतूद नसलेली जन्मठेप भोगत होता, आणि त्याला रात्री कोठडीबाहेर सोडण्याचा हुकूम नव्हता. त्याने तो प्रयोग कोठडीत बसून ध्वनिक्षेपकावरून ऐकला. बेकेटच्या नाटकात शब्दांइतकेच वजन शब्दांमधल्या शांततेला असते. डोळ्यांपुढे नट नाहीत, झाड नाही, नुसते दोन आवाज आणि त्यांच्यामध्ये पडणारी ती पोकळी, एवढेच कानी येत असताना, भिंतीआड खिळलेल्या त्या तरुणाने जे ऐकले ते पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू आले नसेल, असे मला वाटते.

पुढे कैद्यांनी स्वतःची ‘सॅन क्वेंटिन ड्रामा वर्कशॉप’ ही नाट्यशाळा काढली, आणि ‘ॲक्टर्स वर्कशॉप’मधील ॲलन मँडेल तेथे शिकवण्यासाठी वारंवार येत राहिले. या खेपांचे श्रेय मी त्या गाजलेल्या प्रयोगाहून मोठे मानतो. एकेकाळच्या फाशीघराच्या जागेत थाटलेल्या लहानशा नाट्यगृहात १९६१ साली कैद्यांनीच ‘गोदो’ उभे केले आणि क्लूची त्या वाट पाहणाऱ्या दोघांपैकी व्लादिमिर झाला. त्याने ‘द केज’ हे तुरुंगजीवनावरील नाटक लिहिले. १९६६ साली गव्हर्नरांनी त्याची शिक्षा सौम्य केली, तो सुटला. आणि १९७७ साली बर्लिनमध्ये खुद्द बेकेटच्या दिग्दर्शनाखाली ‘क्रॅप्स लास्ट टेप’मध्ये उभा राहिला.

बंदीवानावर विश्वास टाकण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर ही भिंतींवाचूनची बंदीवसाहत स्थापन झाली, आणि तिच्यावरूनच ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, तोही १९५७ सालीच. परंतु तुरुंगात, इस्पितळात वा वस्तीवर नाटक न्यायचे म्हटले की अजूनही आपल्याला व्यसनमुक्तीचे प्रहसन किंवा सदाचाराचा प्रवेशच आठवतो. जणू दुःखात असलेल्या माणसाची बुद्धीही सरकारजमा झाली आहे! हा त्या प्रेक्षकांचा अपमान आहे.

म्हणून आपल्या नाट्यसंस्थांना विनंती आहे: तुरुंगात जाताना आपले सर्वांत कसदार नाटक घेऊन जा, आणि प्रयोगाची परवानगी मागणाऱ्या अर्जातच पुढच्या आठवड्यात शिकवायला येण्याचीही परवानगी मागा.