पूर रानातून निघतो

"आपला दुष्काळी मुलूख, आपल्याला कसला पूर?" येरमाळ्याच्या पारावर हे वाक्य अजून ऐकू येतं. 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर 2021 मध्ये त्याच धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात परंड्याच्या बाजूला माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. दुष्काळ आणि पूर या मुलखात एकाआड एक येतात.

दुसरा समज जास्त महागात पडतो: "ओढा खोल आणि सरळ केला की पूर टळला." खोल ओढ्यात पाणी साठतं हे खरं. पण वळणं काढलेला ओढा तेच पाणी खालच्या गावावर लवकर नेऊन आदळतो. बालाघाटावरून निघालेलं पाणी इकडे तेरणा-मांजरेला जातं, तिकडे सीनेला. खाली कुणीतरी राहतंच. शिवाय पूर सुरू होतो तो ओढ्याच्या कितीतरी वर. 100 मिलिमीटर पाऊस झाला की एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी पडतं. सोयाबीन उताराच्या दिशेने पेरलं असेल तर प्रत्येक तास पाण्याची वाट होते. पाऊस उघडल्यावर खालच्या बांधाशी उभं राहून बघा: घोटाभर गाळ, आणि तो आपल्याच रानातला. म्हणून उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, माथ्यावर सलग समतल चर हे आधी. ओढ्याचं काम मागून.

बांध घातला म्हणजे मात्र निश्चिंती नाही. सप्टेंबरात काळी जमीन फुगलेली असते, भेगा मिटलेल्या असतात, पाणी मुरत नाही. अशा वेळी सांडवा नसलेला बांध फुटतो आणि साठलेलं सगळं पाणी एकदम सुटतं. दगडी पिचिंगचा सांडवा हा बांधाचा जीव आहे, आणि नेमका तोच खर्च वाचवला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

"गुडघाभरच पाणी आहे, गाडी निघेल" असं म्हणून पुलावर गाडी घालू नये. दोन फूट वाहत्या पाण्यात चारचाकीही तरंगते.

चैत्र पौर्णिमेची येडेश्वरीची यात्रा उरकली की मृगाला दीड-दोन महिने उरतात. तेवढ्यात पाणंदीवरच्या नळकांडी पुलांची तोंडं बघून घ्यावीत. तिथे तुराट्या, वेडी बाभूळ आणि प्लास्टिक अडकलेलं असतं. चार माणसं आणि एक कोयता एवढ्यावर ते मोकळं होतं.