नोंदवहीत न मावणारे दुःख : तीन कादंबऱ्यांचा परिचय

शासकीय कामकाजात माणसाची नोंद संख्येने होते. संपादित क्षेत्र इतके हेक्टर, बाधित कुटुंबे इतकी, वाटप झालेले भूखंड इतके. अशा नोंदींवाचून कारभार चालणार नाही, हे खरेच आहे. परंतु सात-बाराच्या उताऱ्यात खातेदाराचे नाव असते. त्याच्या अंगणात कोणाचे लग्न लागले आणि कोणाचा अंत्यविधी झाला, हे त्यात नसते. ही उणीव कादंबरी भरून काढते. ग्रामीण जीवनाशी नित्य संबंध येणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी आवर्जून वाचाव्यात अशा तीन कादंबऱ्यांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. तिन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आहे. पण वाचून संपल्यावरही त्या मनातून जात नाहीत, हे या शिफारशीचे खरे कारण होय.

धरणग्रस्तांची कहाणी

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ साली प्रसिद्ध झाली व १९९२ साली तिला पुरस्कार मिळाला. धरणाच्या पाण्याखाली जाणारे जांभळी हे गाव, तेथील खैरमोडे गुरुजी आणि भरपाईसाठी हेलपाटे घालणारे गावकरी यांची ही कथा आहे. लेखक स्वतः महसूल प्रशासनात अधिकारी होते. त्यामुळे कागद कोठे अडतो, दलाल कोठे शिरतो आणि माणूस कोठे खचतो, याचे चित्रण नेमके उतरले आहे. आपल्याच टेबलावर थांबलेली एखादी फाईल अधिकारी वाचकाला हे पुस्तक वाचताना आठवल्यावाचून राहणार नाही.

ही कादंबरी मी वाचली तेव्हा एका पुनर्वसित वसाहतीच्या माहितीपत्रकाचे काम माझ्याकडे होते. नळ, रस्ते, शाळाखोल्या यांची यादी तयार होती. पुस्तक मिटल्यावर मी त्या वसाहतीत पुन्हा गेलो आणि एका वृद्धेला एवढेच विचारले, की जुन्या गावातले शेजारी येथेही शेजारी आहेत काय? ती बराच वेळ बोटे मोजीत राहिली. मोजणी दुसऱ्या बोटापुढे गेली नाही. माझ्या यादीत या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

शिकलेल्या मुलाचे घर

सदानंद देशमुख हे बुलडाणा जिल्ह्यातील लेखक. त्यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीस २००४ साली पुरस्कार मिळाला. उच्चशिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि शेतीवर न भागणारा त्याचा संसार हा तिचा विषय. नोकरीसाठी लागणारा पैसा घरात नाही आणि शेतीत मन रमावे अशी परिस्थिती नाही. या कोंडीत पती-पत्नी, बाप-लेक, भाऊ-भाऊ यांच्यातील जिव्हाळा हळूहळू आटत जातो. येथे कोणी एकच खलपुरुष नाही. म्हणूनच वाचकाचे मन अधिक व्याकूळ होते. शिक्षकांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या हुशार मुलाचे पुढे काय होते, याचे एक कठोर उत्तर तीत आहे.

मागे राहिलेली जनावरे

कोल्हापूर जिल्ह्यातील कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीस २०२३ चा पुरस्कार मिळाला. विस्थापन हाच तिचाही विषय. मात्र येथे माणसाबरोबर जनावरांचाही विचार आहे. गाव उठताना मागे राहिलेले पाळीव जनावर रानटी होते आणि त्याला परत आणावयास गेलेल्या माणसाला ते ओळखेनासे होते. भरपाईच्या तक्त्यात गोठ्याची किंमत धरता येते. गोठ्यातल्या नात्याची धरता येत नाही. आकाराने लहान असूनही हे पुस्तक सावकाश वाचावयास हवे.

वाचावे कसे?

या कादंबऱ्यांत बोलीभाषेचा वापर बराच आहे. अन्य भागांतील वाचकांस आरंभी अडखळल्यासारखे होईल. पहिली काही पाने मोठ्याने वाचावीत. कान सरावला की अडचण उरत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ नुसार शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते. गावच्या ग्रंथालयात ही पुस्तके नसतील, तर पुढील खरेदीच्या यादीत त्यांचा समावेश करण्याची सूचना वाचकांनी करावी. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी एकत्र बसून महिन्यातून एकदा काही प्रकरणांचे वाचन केल्यास त्यावरील चर्चा गावाच्या प्रश्नांकडे आपोआप वळेल.

कादंबरी वाचून कोणाला जमीन मिळत नाही की कर्ज फिटत नाही. तथापि, समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची पुढे करावी आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढी बुद्धी जरी या वाचनाने झाली, तरी ते वाया गेले असे म्हणता येणार नाही.