समारोप (सादरीकरण)

समारोप हा भाषण, व्याख्यान किंवा सादरीकरण यांचा अखेरचा भाग होय. यात वक्ता मुख्य मुद्द्याची थोडक्यात उजळणी करतो आणि श्रोत्यांनी पुढे काय करावे किंवा कशाचा विचार करावा हे सुचवतो. ग्रंथाच्या संदर्भात यालाच उपसंहार म्हणतात.

इतिहास

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने 'ऱ्हेटोरिक' या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात समारोपाची चार कार्ये सांगितली आहेत: श्रोत्यांना स्वतःस अनुकूल व प्रतिपक्षास प्रतिकूल करणे, मुद्द्यांचे महत्त्व वाढवणे वा घटवणे, भावना जागृत करणे आणि युक्तिवादाची उजळणी करणे. रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने वस्तुस्थितीवर आधारलेला आणि भावनेला आवाहन करणारा असे समारोपाचे दोन प्रकार मानले. मराठीत ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणारे पसायदान हे ग्रंथसमाप्तीचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

स्मरणाशी संबंध

शब्दांची यादी ऐकून लगेच आठवण्यास सांगितल्यास शेवटचे शब्द अधिक चांगले आठवतात. मात्र हा लाभ फार काळ टिकत नाही. मरे ग्लान्झर आणि अनिता क्युनिट्झ यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, यादीनंतर ३० सेकंद अंक मोजायला लावल्यावर तो नाहीसा झाल्याचे दिसले. शब्दांची यादी आणि भाषण यांत फरक असला, तरी मुख्य विधानानंतर सूचना व किरकोळ खुलासे येत राहिल्यास त्याचा ठसा पुसट होतो, हे सभांमध्येही अनुभवास येते.

उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले भाषण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. सभेच्या कामकाजाचा कालावधी, बैठकांचा तपशील आणि सहकाऱ्यांचे श्रेय या बाबी त्यांनी पूर्वार्धातच मांडल्या. भाषणाचा शेवट त्यांनी जबाबदारीच्या जाणिवेने केला: स्वातंत्र्यामुळे दोष ब्रिटिशांवर ढकलण्याची सोय उरलेली नाही, म्हणून देशापुढील दोष ओळखून ते दूर करण्यास विलंब लावू नये. आभार आधीच मानल्यामुळे या आवाहनानंतर भाषणात दुसरे काही उरले नाही.

परिणामकारक समारोपाची रचना

समारोपात नवा मुद्दा आणू नये. राहून गेलेला मुद्दा प्रश्नोत्तरांत मांडता येतो. शेवटची दोन-तीन वाक्ये आधीच निश्चित करून मुखोद्गत करणे हितावह असते. वेळ अपुरा पडल्यास मधला तपशील कमी करावा, समारोप नव्हे.

आवाहन निश्चित स्वरूपाचे असावे. उदाहरणार्थ, पाणीबचतीवरील शालेय प्रकल्प 'पाणी वाचवले पाहिजे' या वाक्याने संपवण्याऐवजी 'येत्या सोमवारी शाळेतील गळके नळ मोजू या' असे म्हटल्यास श्रोत्यांना कृती मिळते. शेवटच्या स्लाइडवर केवळ 'धन्यवाद' लिहिण्याऐवजी मुख्य निष्कर्ष ठेवल्यास प्रश्नोत्तरांच्या काळात तो सर्वांसमोर राहतो.

प्रश्नोत्तरांनी कार्यक्रम संपल्यास शेवटचा शब्द वक्त्याचा राहत नाही. एखादा विषयांतर करणारा प्रश्नच श्रोत्यांच्या लक्षात राहू शकतो. म्हणून प्रश्न आधी घेऊन त्यानंतर अर्धा-एक मिनिट समारोपासाठी राखून ठेवणे अधिक सोयीचे ठरते.