ईसीजीवरील संगणकाचा शेरा

ईसीजी काढून झाला की कागदाच्या वरच्या बाजूला इंग्रजीत छापलेला शेरा पुष्कळ रुग्ण आधी वाचतात. 'नॉर्मल' दिसले की जीव भांड्यात पडतो, 'ॲबनॉर्मल' दिसले की तोंडचे पाणी पळते. हा शेरा डॉक्टरांचा नसून यंत्रातील संगणकाच्या प्रोग्रॅमचा असतो. त्यावर किती विसंबावे?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अत्यंत क्षीण विद्युतलहरी निर्माण होतात. हातापायांना व छातीला जोडलेल्या तारांमधून यंत्र त्या टिपते आणि सेकंदाला शेकडो वेळा मोजून त्यांचे आकडे करते. त्यांवरून प्रोग्रॅम ठोक्यांची गती, लहरींची उंची व त्यांमधील अंतर काढतो. पूर्वी हेच आम्ही कागदावरील चौकोन मोजून करीत असू. एक लहान चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. अशा मोजमापात संगणक सहसा चोख असतो.

निदानाची गोष्ट मात्र वेगळी. प्रोग्रॅम हे आकडे ठरावीक नियमांशी ताडून पाहतो. तारांची अदलाबदल झाली किंवा हात थरथरला तर निष्कर्ष चुकतो. धायरीतील कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे सहज पटेल. जॉब नीट बसवला नसेल तर उत्तम यंत्राचे मापही चुकते. शिवाय रुग्णाला काय होते आहे, हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हार्ट ॲटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. छातीत दाब, हात-जबड्यात कळ, दरदरून घाम किंवा धाप असेल, तर 'नॉर्मल' शेरा पाहून घरी थांबू नये. मधुमेही, वृद्ध व स्त्रियांमध्ये कधी कधी केवळ थकवा, धाप किंवा मळमळ एवढेच लक्षण असते. 'गॅस असेल' म्हणून वेळ दवडू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

उलट काहीच त्रास नसताना 'ॲबनॉर्मल' छापून आले तर घाबरू नका, पण कागद डॉक्टरांना अवश्य दाखवा. सोबत जुना ईसीजी न्या. दोन्हींची तुलना फार उपयोगी पडते. हा कागद कालांतराने पुसट होतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढून जपून ठेवावी.