क्षयजंतूच्या विकरातील तिहेरी गाठ

प्रथिनांच्या साखळीत सर्वत्र आढळणारा बंध म्हणजे पेप्टाइड बंध. पेशीतील रायबोसोमवर एकेक अमिनो आम्ल या बंधाने पुढच्या आम्लाला जोडले जाते आणि तयार झालेली साखळी घड्या पडून आपला आकार घेते. साखळीचे परस्परांपासून दूर असलेले भाग सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणाऱ्या पक्क्या बंधाने, जोडले जाण्याचा पाठ्यपुस्तकांत हमखास दिला जाणारा प्रकार एकच, दोन सिस्टीनांमधील गंधक-गंधक बंधाचा. मात्र १९९१ साली गॅलॅक्टोज ऑक्सिडेज या बुरशीतील विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, क्रियास्थानात सिस्टीन आणि टायरोसीन यांना जोडणारा बंध स्फटिकचित्रात स्पष्ट दिसला, आणि पुढे सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये हिस्टिडीन-टायरोसीन अशी जोडीही सापडली. या मालिकेतील सर्वांत विलक्षण उदाहरण क्षयरोगाच्या जंतूत आहे. कॅट-जी नावाच्या विकरात तेथे दोन नव्हे, तर तीन अमिनो आम्ले एकमेकांत गुंतलेली आहेत.

कॅट-जीकडे संशोधकांचे लक्ष वेधले ते औषधामुळे. आयसोनियाझिड हे संयुग १९१२ साली प्रागमध्ये तयार झाले होते, परंतु त्याचा क्षयजंतूंवरील प्रभाव उमगायला १९५० नंतरचा काळ उजाडावा लागला. औषध वापरात आल्यावर थोड्याच काळात त्याला दाद न देणारे जंतूही दिसू लागले, आणि १९५४ साली गार्डनर मिडलब्रुक यांनी दाखवून दिले की अशा अनेक जंतूंत कॅटॅलेजची क्रिया आढळत नाही. ही क्रिया नुसत्या डोळ्यांनी पाहता येते: जंतूंच्या वाढीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात, आणि प्रतिकारक्षम जंतूंच्या वाढीवर ते उठत नव्हते. इतका ढळढळीत दुवा हाती असूनही त्याचा उलगडा होण्यास जवळजवळ चार दशके जावी लागली. १९९२ साली यिंग झांग, स्ट्युअर्ट कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की ही क्रिया घडवणाऱ्या कॅट-जीचे जनुक नष्ट झाले की जंतू आयसोनियाझिडला जुमानत नाही. आयसोनियाझिड स्वतः निष्क्रिय असते. कॅट-जी त्याचे ऑक्सिडीकरण करून त्यापासून एक अतिशय क्रियाशील मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू, घडवते, ते एनएडी या सहविकराशी जुळते आणि जंतूच्या पेशीभित्तिकेसाठी लागणाऱ्या मायकोलिक आम्लांची निर्मिती रोखते. जंतू आपल्याच विकराकरवी आपला घात करून घेतो, असे म्हणायला हरकत नाही.

या विकराची साखळी ७४० अमिनो आम्लांची असून तिच्या गाभ्यात हीम, म्हणजे लोहाचा अणू धरून ठेवणारे चपटे वलय, असते. २००२ साली मृत समुद्रातील एका सूक्ष्मजीवाच्या आणि २००४ साली प्रत्यक्ष क्षयजंतूच्या कॅट-जीची रचना उलगडली, तेव्हा हीमच्या अगदी शेजारी ती गाठ दिसली. क्रमांक २२९ चे टायरोसीन मध्यभागी आहे. त्याच्या वलयातील एका कार्बनशी क्रमांक १०७ चे ट्रिप्टोफॅन थेट कार्बन-कार्बन बंधाने जोडलेले आहे, तर दुसऱ्या बाजूच्या कार्बनशी क्रमांक २५५ च्या मेथिओनीनमधील गंधक बांधलेला आहे. मेथिओनीनच्या गंधकाला एरवी दोनच बंध असतात. येथे तिसरा जोडला गेल्यामुळे त्याच्यावर धनभार येतो, आणि क्रियास्थानाच्या इतक्या जवळ कायमचा धनभार असणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

वंशावळीने कॅट-जी पेरॉक्सिडेजांच्या कुळातील आहे. नेहमीच्या कॅटॅलेजांशी तिचे रचनेच्या दृष्टीने नाते नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा पहिला रेणू हीममधील लोहाला अत्यंत ऑक्सिडीकृत अवस्थेत नेतो, एवढा भाग दोन्ही प्रकारांत समान आहे. पेरॉक्सिडेज नंतर इतर रेणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन घेऊन मूळ स्थितीत परतते, तर कॅटॅलेज पेरॉक्साइडचाच दुसरा रेणू वापरून ऑक्सिजन बाहेर सोडते. कॅट-जीला दोन्ही कामे साधतात आणि दुसरे काम त्या गाठीवर अवलंबून आहे, कारण टायरोसीन २२९ च्या जागी फेनिलअलॅनीन घातले की कॅटॅलेज क्रिया जवळजवळ नाहीशी होते, पेरॉक्सिडेज क्रिया मात्र टिकून राहते. क्रियेच्या दरम्यान जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन हीमच्या वलयावर न राहता या गाठीवर येतो, असे वर्णपटीय अभ्यासांतून दिसून आले आहे. जवळचे एक आर्जिनीन, क्रमांक ४१८ चे, आपली भारित बाजू कधी टायरोसीनकडे वळवते, तर कधी दूर नेते, आणि तेही बदलले की कॅटॅलेज क्रिया ढासळते. भक्षक पेशी जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात, हे लक्षात घेतले की जंतूला ही क्रिया का हवी असते ते कळते.

गाठ बांधण्यासाठी वेगळे विकर लागत नाही, हा या कथेतील सर्वांत रंजक भाग होय. नव्याने घडलेल्या साखळीत तिन्ही आम्ले सुटीच असतात. हीम जागेवर बसून पेरॉक्साइड मिळाल्यावर लोहाची ऑक्सिडीकृत अवस्था ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन यांच्यातून इलेक्ट्रॉन काढून घेते, दोन मूलके एकमेकांशी जुळतात, आणि नंतरच्या फेरीत मेथिओनीन त्यांना येऊन मिळते. मेथिओनीन बदललेल्या विकरातही टायरोसीन-ट्रिप्टोफॅन बंध तयार होतो, यावरून हा क्रम ठरवता आला. ज्या विषाचा निपटारा करायचा, त्याच विषाच्या साहाय्याने विकर आपले क्रियास्थान पूर्ण करते.

जनुक पूर्णपणे गमावलेला जंतू औषधाला पुरून उरतो, पण त्याची संरक्षक कॅटॅलेज क्रियाही जाते, आणि मिडलब्रुक यांच्या प्रयोगांत असे जंतू गिनीपिगमध्ये दुबळे ठरले होते. म्हणूनच रुग्णांकडून मिळणाऱ्या प्रतिकारक्षम जंतूंत सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन वेगळे असते: हीमकडे जाणाऱ्या अरुंद मार्गाच्या कडेवरील क्रमांक ३१५ च्या सेरीनच्या जागी थ्रिओनीन येते. त्याचा एक जादा मिथिल गट मार्ग आणखी चिंचोळा करतो, त्यामुळे पेरॉक्साइडचा लहानसा रेणू आत शिरू शकतो, परंतु आयसोनियाझिडला तेथे नीट पोहोचता येत नाही. गाठ शाबूत राहते आणि कॅटॅलेज क्रियाही बऱ्याच अंशी टिकते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत, आणि पुणे व नागपूर येथील संदर्भ प्रयोगशाळांसह देशभर वापरली जाणारी लाइन प्रोब चाचणी थुंकीच्या नमुन्यातील जंतूच्या जनुकात ३१५ क्रमांकावरचा हाच बदल शोधते.