पूलचं पाणी निळंशार आहे, पण टीडीएस किती?

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. शेतात पूल बांधून तासावर पोहायला द्यायचा विचार असेल, तर खोदाई, टाइल्स, फिल्टर हे सगळं तुम्ही कागदावर मांडलं असेल. पाणी बदलायचा खर्च मांडलाय का? बहुतेक जण इथंच चुकतात.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. फिल्टर माती अन् केस अडवतो, क्षार मात्र वाळूतून सरळ पार होतात. आणि उन्हानं उडतं ते फक्त पाणी, क्षार खालीच राहतात.

हिशोब बघा. 40 बाय 20 फुटांचा, सरासरी 4 फूट खोल पूल म्हणजे साधारण 90 हजार लिटर. रोज एक सेंटिमीटर पाणी उडालं, तर जवळपास 750 लिटर भरावं लागतं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस 1000 असेल, तर त्यातून रोज पाऊण किलो क्षार आत जातात. तीन महिन्यांत 67 किलो! म्हणजे टीडीएस 750 नं वाढला. क्लोरीन, ॲसिड, अंगाचा घाम यांची भर वेगळीच.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एकानं ऐन मे महिन्यात पाणी निस्तेज दिसतंय म्हणून क्लोरीन वाढवत नेलं. त्यानं क्षार आणखी वाढले. शेवटी सुट्टीच्या गर्दीत पूल बंद ठेवावा लागला.

नियम सोपा आहे. पहिल्यांदा भरलेल्या पाण्याचा टीडीएस वहीत लिहून ठेवा. त्यापेक्षा 1500 वाढला की पाणी बदला. (मिठावर क्लोरीन तयार करणारं मशीन असेल तर मीठ टाकल्यानंतरचा आकडा धरा.) पेनासारखा मीटर काहीशे रुपयांत मिळतो, आठवड्याला एकदा बुडवा.

सगळं पाणी काढू नका. पावसाळ्यात रिकाम्या टाकीला खालून जमिनीतल्या पाण्याचा दाब येतो, तडे जाऊ शकतात. 2500 वरून निम्मं काढून 1000 चं भरलं, की 1750 होतं. त्याला 45 हजार लिटर लागतं, म्हणजे 10 हजारी टँकर साडेचार. तुमच्या गावचा टँकरचा दर लावा अन् तो खर्च सीझनच्या तिकिटात आधीच धरा.

फिल्टर उलटा धुताना जे पाणी जातं, त्याबरोबर थोडे क्षारही जातात, ते वाया गेलं समजू नका. पण ते पाणी पिकाला सोडू नका, आपली काळी जमीन खारवते. आणि पाऊस लागला की पूल थोडा रिकामा ठेवा, पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यात जमा, अन् त्याला टँकरचं भाडं नाही.